पुस्तकं तीन, कवच एक: सोलापुरातल्या एका टेबलावरचं नामकरण

"मॅडम, हे तिन्ही एकच दिसालेत की ओ."

"मग तीन स्लाइड कशाला केल्यास?"

"पुस्तकं तीन होती ना."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यातला हा संवाद. समोर काळ्या पुठ्ठ्याच्या तीन स्लाइड ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीत साठ चौकोन आणि वर सरकती काच. चौकोनाचौकोनात फोरॅमिनिफेरा या समुद्री सूक्ष्मजीवांची, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक पांढरी कवचं डिंकानं चिकटवलेली. कडेला पेन्सिलीनं प्रजातींची नावं लिहिली होती: एकीवर सिबिसिडीस, दुसरीवर सिबिसिडॉइडिस, तिसरीवर प्लॅन्युलिना. पोरगी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, घर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ, आई टॉवेलच्या कारखान्यात तपासणीवर. चार महिने मान मोडून तिनं हे काम केलं होतं. त्यातली दोन महिन्यांची मेहनत आता पुन्हा करावी लागणार, हे मला पहिल्या नजरेतच कळलं होतं. तिला ते कसं सांगायचं याचाच मी विचार करत होते.

हे प्रकरण लिहून ठेवायचं कारण एवढंच, की यात चूक तिची कमी आणि आमची, म्हणजे शिकवणाऱ्यांची, जास्त होती. दुसऱ्या कुठल्या विभागात हेच चालू असेल तर त्यांना उपयोग होईल.

नमुना आणि सोलापूर

सोलापूरला समुद्र नाही. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंचीवर, काळ्या मातीत आणि दख्खनच्या बेसाल्टवर आम्ही बसलोय. इथल्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला खाणीत झिओलाइट सापडतात, विहिरीच्या कडेनं लाव्हाचे थर मोजता येतात. सागरी जीवाश्म मात्र पाहायचे तर पेटीतलेच. म्हणून अरबी समुद्राच्या तळातून, अडीच हजार मीटरहून जास्त खोलीवरून काढलेल्या गाळाच्या काही छोट्या पिशव्या एका ओळखीच्या संशोधकानं दिल्या, तेव्हा विभागात अगदी सण होता. गाळ करडा, लोण्यासारखा मऊ, बोटांत चोळला की कणकणीत.

हा गाळ धुणं म्हणजे संयमाचं काम. पाण्यात भिजवायचा, 63 मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेखाली चिखल जाऊ द्यायचा, उरलेलं मंद आचेवर वाळवायचं, मग कोरडं चाळून 150 मायक्रॉनच्या वरचं घ्यायचं. उरतं ते बहुतेक सगळं कवचांचंच बनलेलं. त्यातली बहुसंख्य पृष्ठभागाजवळ तरंगत जगलेल्या फोरॅमिनिफेरांची, मेल्यावर खाली बसलेली. तळावर राहणारे, म्हणजे बेंथिक, शंभरात मोजके. ते ट्रेमधून ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक टिपायचे. ब्रश तीन शून्यांचा, ओठांत धरून टोक करायचा. असं करू नये असं लिहिलेलं असतं, सगळे करतात.

फोरॅमिनिफेरा म्हणजे एकपेशीय जीव. पेशी एकच, पण ती स्वतःभोवती कप्प्याकप्प्यांचं घर बांधते. ज्यांच्याविषयी हे प्रकरण आहे त्यांचं घर चुन्याचं, काचेसारखं पारदर्शक आणि गोगलगाईसारखं वेटोळं. फरक इतकाच की वेटोळ्याची एक बाजू सगळे फेरे उघडे दाखवते, दुसरी बाजू फक्त शेवटचा फेरा. सोलापुरी चादर उलटली की नक्षी तीच, रंग पलटलेले. तसंच कवच उलटलं की प्राणी तोच आणि चेहरा वेगळा. एका बाजूवरून नाव ठेवायला गेलं की फसगत ठरलेली.

तीन स्लाइड कशा झाल्या

विद्यार्थिनीनं ओळखीसाठी तीन ग्रंथ वापरले होते. एकात ही चपटी, कोयत्यासारख्या वाकड्या कप्प्यांची जात प्लॅन्युलिनाखाली. दुसऱ्यात, समस्थानिकांवरच्या (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरच्या) शोधनिबंधांच्या एका संग्रहात, ती सिबिसिडॉइडिस. तिसऱ्यात सिबिसिडीस. जातीचं नाव तिन्हीकडे एकच, वुएलरस्टॉर्फी. पण हे तिनं पाहिलंच नाही, कारण ती प्रजातीपाशीच थांबली होती. आम्हीच तिला सांगितलं होतं, "आधी प्रजातीपर्यंत ये, जात नंतर बघू."

इथं शब्दांचा एक घोळ सांगून टाकते. विश्वकोशाच्या परिभाषेत 'प्रजाती' म्हणजे वरचं घर, ज्यात अनेक 'जाती' राहतात. वर्तमानपत्रं मात्र जातीलाच प्रजाती म्हणतात, "वाघाची प्रजाती नष्ट होतेय" वगैरे. वर्गात दोन्ही शब्द दोन्ही अर्थांनी चालतात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत त्यानं काय होतं ते न बोललेलं बरं. या लेखात प्रजाती म्हणजे वरचं घर.

तर, तिनं केलं असं. कवच लहान, फुगीर, एका बाजूनं सपाट दिसलं की सिबिसिडीस. दोन्ही बाजूंनी भिंगासारखं फुगीर दिसलं की सिबिसिडॉइडिस. मोठं, भाकरीसारखं चपटं असलं की प्लॅन्युलिना. पहिल्या स्लाइडवर 71 कवचं, दुसरीवर 84, तिसरीवर 59. एकूण 214. नोंदवहीत प्रत्येकाचा चौकोन क्रमांक, थर, लांबी. नोंदी इतक्या नेटक्या की चूक शोधायला त्याच कामी आल्या.

एक खटकलं होतं, ते तिच्या त्या "एकच दिसालेत" या वाक्यात आलंच. तिसऱ्या स्लाइडवरचं कवच उचलून त्याच्या आतल्या, म्हणजे लहानपणीच्या वेटोळ्याकडे पाहिलं तर ते पहिल्या स्लाइडवरच्या कवचासारखं. तिनं मला एकच प्रश्न विचारला: "मोठं होऊन दुसऱ्या प्रजातीत जातं का ओ?"

आकडे परत आले

हे सगळं लक्षात येण्याआधीच आम्ही घाई केली होती. पाच थरांतून, प्रत्येक थराच्या दोन-दोन कुप्या अशा दहा कुप्या कार्बन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांच्या मोजणीसाठी बाहेरच्या एका प्रयोगशाळेत पाठवल्या. कवचं दुसऱ्या स्लाइडवरच्यासारखीच, पण स्लाइडवर न चिकटवता वेगळी ठेवलेली, प्रत्येक कुपीत तीन-चार. कारण काय, तर निबंधांत 'सिबिसिडॉइडिस' हे नाव सगळ्यात जास्त वेळा दिसलं होतं.

या मोजणीला या जातीचं एवढं महत्त्व का, ते थोडक्यात. वुएलरस्टॉर्फी गाळात खोल घुसत नाही. लुट्झ आणि थील यांनी 1989 मध्ये दाखवलं की ती गाळाच्या वर उठून, दगड, स्पंजाचे काटे, हायड्रॉइडचे देठ अशा आधारांवर चिकटून राहते, वाहत्या पाण्यात. म्हणून तिच्या कवचातलं कार्बन-13 चं प्रमाण तळाच्या पाण्यातल्या विरघळलेल्या कार्बनशी जवळजवळ जुळतं. गाळात राहणाऱ्या जाती कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्याच्या पाण्यात बुडालेल्या असतात. त्यांचा आकडा खाली जातो. ऑक्सिजनचं तिचं वेगळंच. शॅकल्टन आणि ऑपडाइक यांनी 1973 पासून रूढ केलेली 0.64 प्रति हजारची भर घालून तिचे आकडे युव्हिजेरिना या गाळात राहणाऱ्या दुसऱ्या प्रजातीच्या बरोबरीला आणतात. लिसिएकी आणि रेमो यांनी 2005 मध्ये जगभरातल्या 57 नोंदी एकत्र करून हिमयुगांची जी वक्ररेषा काढली, तीही अशाच बेंथिक कवचांच्या ऑक्सिजनवर उभी आहे. चुकीचं कवच कुपीत गेलं तर नुसतं नाव चुकत नाही, समुद्राचा इतिहास चुकतो.

आकडे आले तेव्हा तीन थरांच्या जोड्या छान जुळत होत्या. दोन थरांत मात्र एका कुपीचा कार्बन दुसरीपेक्षा जवळपास 0.8 प्रति हजारनं खाली. यंत्राची चूक एवढी नसते. एकाच गाळातल्या एकाच जातीत एवढी तफावत सहसा नसते.

आणि पुरावा उरला नव्हता. मोजणीत कवच फॉस्फोरिक आम्लात विरघळवतात. जे उरतं ते वायूच्या आकड्यात. मी कपाळाला हात लावला. पण तिनं मोबाइल काढला. कुप्या भरण्याआधी प्रत्येक कवचाचा फोटो तिनं मायक्रोस्कोपच्या आयपीसला फोन लावून काढला होता, दोन्ही बाजूंचा. "आई म्हणती, माल पाठवायच्या आधी फोटो काढून ठेव." टॉवेलच्या निर्यातीत परत आलेल्या मालावरून भांडणं होतात, त्यातलं हे शहाणपण.

फोटो अंधुक होते, पण पुरेसे. खालच्या आकड्याच्या दोन्ही कुप्यांतली काही कवचं गुळगुळीत, भिंगासारखी, आणि उघड्या बाजूवर कप्प्यांच्या शिवणी सरळ रेषेत आरपार गेलेल्या. शिवण जिथं आतल्या वेटोळ्याला मिळते तिथं बारीकशी फट. हे ओरिडॉर्सेलिस अंबोनेटस. सिबिसिडॉइडिसशी त्याचं नातं नाही, फक्त दोन्ही बाजूंनी फुगीर असण्याचं साम्य. ते उथळ गाळात राहतं आणि त्याचा कार्बन खालीच असतो. 'दोन्ही बाजूंनी फुगीर म्हणजे सिबिसिडॉइडिस' या एका ओळीच्या नियमानं त्याला दार उघडून दिलं होतं.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मी शिकत होते तेव्हाही हाच एका ओळीचा नियम आम्हाला फळ्यावर लिहून दिला होता. मी तो पुढं तसाच दिला.

नावाचा जुना इतिहास

एवढं झाल्यावर मी ठरवलं की आधी या नावांचा उगम तिला नीट दाखवायचा. आणि इथं एक गंमत निघाली. ज्या जातीसाठी आम्ही जर्मन-इंग्रजी ग्रंथ उलटत होतो, ती मुळात भारताच्या भूमीवरून नोंदवलेली आहे.

1857 च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रियाचं 'नोव्हारा' हे जहाज त्रिएस्तेहून जगप्रदक्षिणेला निघालं. कमांडर बर्नहार्ड फॉन व्युलरस्टॉर्फ-उर्बायर, भूशास्त्रज्ञ फर्डिनांड फॉन होखस्टेटर. 1858 च्या सुरुवातीला ते निकोबार बेटांवर आले. होखस्टेटरनं तिथल्या मृद खडकांचे नमुने घेतले. त्यातली सूक्ष्म कवचं कॉनराड श्वागरनं तपासली आणि 1866 मध्ये 'कार निकोबारचे जीवाश्म फोरॅमिनिफेरा' म्हणून छापली. त्यात एक चपटं कवच त्यानं कमांडरच्या नावानं नोंदवलं: अ‍ॅनोमॅलिना व्युलरस्टॉर्फी. त्यातल्या 'यू'वरचे दोन ठिपके नामकरणाच्या नियमांनुसार पुढं 'यूई' झाले, म्हणून आज वुएलरस्टॉर्फी.

श्वागरचे मूळ नमुने पुढं उरले नाहीत. एम. एस. श्रीनिवासन आणि व्ही. शर्मा यांनी कार निकोबारचं साहित्य पुन्हा घेऊन श्वागरच्या जातींची फेरतपासणी केली आणि 1980 मध्ये ती पुस्तकरूपानं दिल्लीतून निघाली. मी हे सांगितल्यावर पोरगी जरा ताठ बसली. कुठलीशी परकी वस्तू ओळखायचीय, ही भावना गेली.

आता प्रजातीचं नाव किती वेळा फिरलं ते पाहा. श्वागरचं अ‍ॅनोमॅलिना. 'चॅलेंजर' या ब्रिटिश सागरी मोहिमेच्या 1884 च्या ग्रंथात ब्रेडीनं ट्रंकॅट्युलिना केलं. नंतर कुणी प्लॅन्युलिना, कुणी सिबिसिडीस, कुणी सिबिसिडॉइडिस. 1970 मध्ये गोंझालेस-दोनोसो आणि लिनारेस यांनी तिच्यासाठी स्वतंत्र घरच बांधलं, फॉन्टबोशिया. लोब्लिच आणि टॅपन यांच्या 1987 च्या जाडजूड वर्गीकरणात ते घर मान्यही झालं. वॅन मॉर्खोवेन, बर्गरेन आणि एडवर्ड्स यांच्या 1986 च्या खोल सागरी जातींच्या ग्रंथात मात्र ती प्लॅन्युलिनाच. मूळ लेखकाचं नाव कंसात, (श्वागर, 1866), असं लिहितात त्याचा अर्थच हा की बाई सासरी गेलीय, माहेरचं घर हे नव्हे. किती वेळा गेली ते कंस सांगत नाही.

प्रजाती म्हणजे कवचांचं खोकं नव्हे. ती एका नमुना-जातीला, म्हणजे जिच्यावरून ती प्रजाती ठरते त्या जातीला, टांगलेली असते. सिबिसिडीस (मॉन्फोर, 1808) टांगलंय रेफुल्जेन्सवर. प्लॅन्युलिना (दॉर्बिन्यी, 1826) अरिमिनेन्सिसवर; हे नाव इटलीतल्या रिमिनीचं. सिबिसिडॉइडिस (थालमान, 1939) मुंड्युलसवर. फॉन्टबोशिया वुएलरस्टॉर्फीवरच. त्यामुळे 'हे कवच कुठल्या प्रजातीत' याचा खरा अर्थ 'हे कवच या चारांपैकी कुणाचं जवळचं नातेवाईक' असा. पुस्तकातल्या किल्लीत हा प्रश्न विचारलेलाच नसतो. तिथं विचारतात ते 'फुगीर की सपाट'.

जाता जाता: ट्रंकॅट्युलिना मुंड्युला हे मूळ नाव सिबिसिडॉइडिसमध्ये येताच मुंड्युलस झालं, कारण प्रजातीच्या लिंगाप्रमाणे विशेषण बदलतं. वुएलरस्टॉर्फी कुठंही गेली तरी बदलत नाही. ते विशेषण नाही, माणसाच्या नावाची षष्ठी आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना हे चटकन कळतं. 'चांगला-चांगली' बदलतं, 'रामाचं' मधला राम तोच राहतो.

पुन्हा पहिल्यापासून

सगळी 214 कवचं परत तपासायचं ठरलं. पण या वेळी स्लाइडवरची नावं कागदाच्या पट्टीनं झाकली. फक्त चौकोन क्रमांक. प्रत्येक कवचाची तीन दृश्यं पाहायची: उघडी बाजू, नाभीची (म्हणजे तिच्या उलटी) बाजू आणि कड. कडेचं दृश्य आधी कुणीच पाहिलं नव्हतं, कारण कवच उभं करायला त्रास होतो. आम्ही मेणाच्या पट्टीत ब्लेडनं बारीक खाचा पाडल्या आणि त्यांत कवचं उभी केली. ब्रशचं टोक जरा जोरात लागलं की कवच टिचकी मारल्यासारखं उडतं आणि पंख्याखालच्या फरशीवर गेलेलं कवच परत मिळत नाही. एप्रिलच्या उकाड्यात पंखा बंद करून बसायचं, घाम गळू द्यायचा. बाहेर पारा बेचाळीसच्या वर.

शिवणी दिसेनात तेव्हा तिनं घरून जिलेबीचा रंग आणला. पाण्यात अगदी फिकट करून एक थेंब कवचावर सोडला की रंग छिद्रांत आणि शिवणींच्या खाचांत शिरतो, वरचा टिपला की नकाशा काढल्यासारखी रेष उमटते. रंगवलेलं कवच समस्थानिकांना पाठवायचं नाही एवढं भान ठेवलं. त्यासाठीची वेगळी काढली.

काय पाहिलं? वुएलरस्टॉर्फीची खूण म्हणजे उघडी बाजू सपाट, तिच्यावर ठळक मोठी छिद्रं. कप्पे कोयत्यासारखे वळलेले. शिवणी जाड, जराशा उठलेल्या. नाभीची बाजू हलकी फुगीर, त्यावर छिद्रं फार कमी, आणि तिथं फक्त शेवटचा फेरा दिसतो. तोंडाची फट कडेवरून सुरू होऊन उघड्या बाजूवर आत वळते. ही शेवटची गोष्ट ओल्या कवचावर, दिव्याचा कोन बदलत बदलत पाहिली तेव्हा कुठं दिसली. तिनं मला हाक मारली तेव्हा मी चहा घेत होते. येऊन पाहिलं तर खरंच, काळ्या केसासारखी एक रेष, कडेवरून आत शिरलेली. पुस्तकातली चित्रं वीस वर्षं पाहिलेली, तरी हे प्रत्यक्षात दिसलं की अंगावर काटा येतो.

मुंड्युलसची खूण वेगळी: दोन्ही बाजू फुगीर, नाभीच्या जागी पारदर्शक गुंडी, शिवणी कमी वळलेल्या, छिद्रं दोन्हीकडे दिसणारी.

पट्ट्या काढल्या आणि मोजलं. वुएलरस्टॉर्फी 151. त्यातली पहिल्या स्लाइडवरची 66, दुसरीवरची 28, तिसरीवरची 57. म्हणजे एकच जात तीन प्रजातींत वाटली गेली होती. नोंदवहीतल्या लांब्या शेजारी मांडल्या तर वाटणीचं गुपितही उघडं पडलं: लहान ती सिबिसिडीस, मधली ती सिबिसिडॉइडिस, मोठी ती प्लॅन्युलिना. आमच्या नमुन्यात लहान कवचं जरा जाड आणि फुगीर, मोठी होत जातील तशी चपटी. "मोठं होऊन दुसऱ्या प्रजातीत जातं का" हा तिचा प्रश्न बावळट नव्हता. आमच्या स्लाइडवर खरोखर तसंच घडत होतं.

बाकीची: मुंड्युलस 38, ओरिडॉर्सेलिस 17, दोन्ही सगळी दुसऱ्या स्लाइडवरची. आणि आठ कवचं कुठंच बसेनात.

भिंतीच्या सूक्ष्म रचनेवर जायचं का, हा विचार आला होता. एके काळी चुन्याचे स्फटिक अरीय (पृष्ठभागाला काटकोनात उभे) की कणीदार यावर फार मोठी वर्गवारी उभी होती. लोब्लिच-टॅपनच्या 1964 च्या ग्रंथात तर त्यावर अतिकुलं, म्हणजे कुळांच्या वरचे गट, वेगळी केलीत. 1967 मध्ये टो आणि सिफेली यांनी दाखवलं की तो फरक स्फटिकांच्या ठेवणीचा आहे, त्यावर एवढा डोलारा उभारू नये. आमच्याकडे त्यासाठीची यंत्रणाही नव्हती. सोडून दिलं.

नाव कुठलं लिहायचं

इथं आमच्यात वाद झाला. बाहेरचे एक मार्गदर्शक फोनवर म्हणाले, समस्थानिकांचं जग सिबिसिडॉइडिस वुएलरस्टॉर्फी लिहितं, तुम्हीही तेच लिहा, वाचणाऱ्याला कळतं. हा युक्तिवाद मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. नाव शेवटी शोधायसाठीच असतं. पण प्रबंधात 'का' लिहावं लागतं.

प्लॅन्युलिना नाकारणं सोपं गेलं. अरिमिनेन्सिस दोन्ही बाजूंनी चपटं आणि दोन्हीकडून बऱ्यापैकी उघडं. आमच्या कवचाची नाभीची बाजू बंद. चपटेपणा सारखा म्हणून घर सारखं होत नाही. सिबिसिडॉइडिससाठी मुंड्युलसची ती भिंगासारखी ठेवण आणि गुंडी हवी होती. फॉन्टबोशिया नियमानं निर्दोष, पण एकाच जातीभोवती कुंपण घातलं की नात्याबद्दल काहीच सांगितलं जात नाही.

उरलं सिबिसिडीस. तोंडाची ती आत वळलेली फट, सपाट बाजूनं चिकटून राहण्याची सवय, हे दोन्ही रेफुल्जेन्सच्या कुळातलं. आणि याला बाहेरून साक्ष मिळते. श्वाइट्झर, पावलोव्स्की आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये जिवंत फोरॅमिनिफेरांच्या रायबोसोमल डीएनएवरून वंशवृक्ष काढला; त्यात वुएलरस्टॉर्फी सिबिसिडीसच्या गोतावळ्यात बसते. घरं एक झाली तर नाव जुनं टिकतं, आणि 1808 हे या चौघांतलं सगळ्यात जुनं. चिकटून राहणाऱ्यांच्या आकारावर विसंबू नये, हे तर नायहोल्मनं 1961 मध्येच सिबिसिडीस लोबॅट्युलसवर दाखवलं होतं: ज्या पृष्ठभागावर बसेल तसा त्याचा आकार, आणि त्याच्या वाढीच्या अवस्थांना वेगवेगळी नावं पडलेली.

"मग आकार खोटाच म्हणायचा?" तिनं विचारलं. खोटा नाही. पण कुठला आकार वंशाचा आणि कुठला बसण्याच्या जागेचा, हे वेगळं करावं लागतं. तिची आई टॉवेल तपासते तेव्हा धुण्यानं आटलेला आणि मागावरच कमी विणलेला असे दोन वेगळे ढीग करते. मोजपट्टीवर दोन्ही आखूडच भरतात. हे उदाहरण तिनंच दिलं, मी फक्त मान हलवली.

डीएनएची आणखी एक गोष्ट तिला फार आवडली. पावलोव्स्की आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये आर्क्टिक आणि अंटार्क्टिकमधल्या याच जातीचे नमुने ताडून पाहिले. अंतर 17 हजार किलोमीटरपर्यंत, तरी जनुकीय फरक अगदी किरकोळ. खोल समुद्राचा तळ त्यांच्यासाठी एकच गाव असावं. आम्ही मात्र साठ चौकोनांच्या स्लाइडवर त्याचे तीन वाडे पाडले होते.

ठरलं ते असं. 151 कवचं: सिबिसिडीस वुएलरस्टॉर्फी (श्वागर, 1866), खाली सगळ्या जुन्या नावांची यादी आणि ओळखीच्या खुणा, म्हणजे सिबिसिडॉइडिस शोधणाऱ्यालाही ती सापडेल. 38 कवचं: सिबिसिडॉइडिस मुंड्युलस. प्रजाती मानायची असेल तर तिची नमुना-जात तिच्या बाहेर राहूच शकत नाही, त्यामुळे तिथं वाद नाही.

समस्थानिकांसाठी नव्या कुप्या फक्त वुएलरस्टॉर्फीच्या, 250 मायक्रॉनच्या वरच्या, न रंगवलेल्या. दोन्ही बिघडलेल्या थरांच्या जोड्या या खेपेला जुळल्या. तरीही प्रबंधात एक इशारा घालायला लावला. मॅकेन्सन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये दक्षिण महासागरात दाखवलं की वरून हंगामी सेंद्रिय पाऊस जोरात पडतो तिथं हीच जात कार्बनचा आकडा 0.4 प्रति हजारपर्यंत कमी दाखवू शकते. अरबी समुद्रात मान्सूनच्या वाऱ्यांनी वर जे पीक येतं ते पाहता हा इशारा आम्हाला लागू आहे. नाव बरोबर लागलं म्हणजे आकडा निर्मळ झाला, असं नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अपेक्षेप्रमाणे पहिलाच प्रश्न तो विचारला: सगळे सिबिसिडॉइडिस म्हणतात, तुम्ही वेगळं का? तिनं स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली, दिव्याचा कोन वळवला आणि म्हणाली, "सर, तोंड बघा की, आत वळालंय." परीक्षक बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "फोकस जरा नीट कर."

आठ कवचं अजून माझ्या कपाटात आहेत, वेगळ्या स्लाइडवर. त्यातली पाच बहुधा कुठल्या तरी दगडाला वेडीवाकडी चिकटून वाढलेली, दोन मोठी पण झिजलेली, एक तुटकं. लेबलवर तिनं 'सिबिसिडीस' लिहून पुढं प्रश्नचिन्ह काढलंय आणि खाली बारीक अक्षरात: कड पाहिली, तोंड दिसत नाही.